कागदावरचा आलेख

वार्षिक अहवाल हातात पडला की माणसे आधी फोटो पाहतात, मग आलेखांवर थांबतात आणि मजकुराकडे वळायचे की नाही ते त्यानंतर ठरवतात. सामाजिक संस्था, पतसंस्था, पाणीवापर संस्था यांचे अहवाल छपाईसाठी तयार करण्याचे काम मी पुण्यात बरीच वर्षे करते आहे. मजकुरातली चूक मुद्रितशोधनात सापडते. फोटो धूसर असेल तर दुसरा मागवता येतो. आलेखाकडे मात्र कुणी त्या नजरेने बघत नाही. संगणकावर तो छान दिसत असतो, म्हणून कागदावरही तसाच उतरेल असे सगळे धरून चालतात. तो तसा उतरत नाही. रेघा तुटतात, अक्षरांच्या कडा फुटतात, दोन वेगळे रंग एकसारखे होऊन बसतात. ज्या पानाने वर्षभराच्या कामाचा पुरावा द्यायचा, नेमके तेच पान वाचता येत नाही.

पाणलोटाचे काम करणाऱ्या एका संस्थेचा अहवाल माझ्याकडे आला होता. त्यात विहिरींतल्या पाण्याच्या पातळीचा आलेख होता. गावातली मुले दर पंधरवड्याला विहिरीत टेप सोडायची, जमिनीपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजायची आणि वहीत नोंदवायची. बांधबंदिस्ती होण्याआधीच्या वर्षाची एक रेघ, नंतरच्या वर्षाची दुसरी. पावसाळ्यानंतर दोन्ही रेघा जवळजवळ होत्या. मे महिन्याकडे जाताना त्यांच्यात अंतर पडत गेले होते. ते अंतर हेच त्या संस्थेचे काम. उन्हाळ्यात विहिरीत किती पाणी उरले, हे त्या दोन रेघांमधल्या मोकळ्या जागेवरून कळत होते.

आलेख संस्थेने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. छपाईआधीच्या प्रूफवर प्रेसमधल्या अनुभवी मशीनमनने भिंग ठेवले आणि मला बघायला सांगितले. उघड्या डोळ्यांना ज्या रेघा सलग वाटत होत्या त्यांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होत्या, आणि रेघेच्या दोन्ही अंगांना करडे डाग पसरलेले होते. ‘‘ताई, ही रेघ नाही, रेघेचा फोटो आहे,’’ ते म्हणाले. ‘‘रेघ पाठवायला सांगा त्यांना.’’

आलेखाच्या छपाईबद्दल इतके नेमके मला त्याआधी कुणी सांगितले नव्हते. पॉवरपॉइंटमध्ये आपण आलेख बनवतो तेव्हा ती खरी रेघ असते. कुठल्या बिंदूपासून कुठल्या बिंदूपर्यंत, किती जाड, कुठल्या रंगाची, एवढेच फाइलमध्ये नोंदलेले असते. ती हवी तेवढी मोठी केली तरी तिची कड तुटत नाही. त्याच आलेखाचा स्क्रीनशॉट घेतला, किंवा तो चित्र म्हणून साठवला, की रेघ संपते आणि ठिपक्यांची जाळी उरते. जेपेगमध्ये तर ही जाळी आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींत विभागून दाबली जाते. फोटोतल्या आकाशाला, चेहऱ्याला ते चालते, कारण तिथे रंग हळूहळू बदलतात. पांढऱ्यावर एकदम काळी रेघ आली की त्या चौकटींना ती पेलत नाही आणि रेघेभोवती डाग उमटतात. भिंगातून दिसले ते हेच. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र वाटेत आणखी लहान होते. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर आहे तसे पोचते.

आता आकडे पाहू. पॉवरपॉइंटची आजची रुंद स्लाइड १३.३३ इंच बाय ७.५ इंच असते. ती चित्र म्हणून साठवली, तर आपण काही न बदलल्यास साधारण १२८० बाय ७२० ठिपके मिळतात, म्हणजे इंचाला ९६. हे चित्र ए-फोर अहवालात सात इंच रुंद छापले तर इंचाला १८३ ठिपके पडतात. फोटोसाठी छपाईत ३०० चा दंडक आहे. रेघा आणि अक्षरांना तेही कमीच. जुने लोक रेखाचित्र स्कॅन करायचे ते १२०० वर. छपाईची प्लेट बनवणारे यंत्र इंचाला २४०० ठिपक्यांच्या बारकाईने काम करते. म्हणजे खरी रेघ पाठवली तर यंत्र ती २४०० च्या नेमकेपणाने उतरवते, आणि स्क्रीनशॉट पाठवला तर तेच यंत्र आपल्या १८३ ठिपक्यांच्या पायऱ्या इमानेइतबारे छापते. उत्तम प्रेस, उत्तम आर्ट पेपर, उत्तम शाई, यांतले काहीही हरवलेले ठिपके परत आणू शकत नाही.

म्हणून मी संस्थांना पहिली विनंती करते ती मूळ पीपीटी फाइल पाठवण्याची. ती देता येत नसेल तर पॉवरपॉइंटमधूनच पीडीएफ काढा, आणि पीडीएफ काढताना ‘मिनिमम साइझ’ न निवडता ‘स्टँडर्ड’ निवडा. पीडीएफ उघडून आलेखाचा एक कोपरा जमेल तेवढा मोठा करून पाहा. रेघेची कड शेवटपर्यंत धारदार राहिली तर ती रेघ आहे. कड विरघळली तर कुठेतरी वाटेत तिचा फोटो झाला आहे. बहुतेक वेळा एक्सेलमधून आलेख आणताना तो ‘पिक्चर’ म्हणून चिकटवलेला असतो. तो पुन्हा आलेख म्हणून चिकटवला की काम होते. ज्या स्लाइडवर खरेच फोटो आहेत तिथे ऑप्शन्समधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ विभागात जाऊन फाइलमधली चित्रे दाबू नयेत अशी खूण करून ठेवावी, आणि ती फोटो टाकण्याआधीच करावी. आणि सावल्या, चमक, त्रिमिती खांब हे सगळे काढून टाकावे. पीडीएफ होताना या सजावटीचे बहुधा चित्रच होते, आणि खांब तिरका दिसू लागला की त्याची उंची वाचताना डोळा फसतो.

त्या पाणलोट संस्थेने मूळ फाइल पाठवली. रेघा धारदार झाल्या, तरी आलेख वाचता येईना, आणि तिथून पुढचे शिकणे सुरू झाले.

अडचण मापाची होती. तो आलेख १३.३३ इंचांच्या स्लाइडभर पसरलेला होता. अहवालाचे पान दोन रकान्यांचे, एक रकाना सव्वातीन इंचांचा. म्हणजे आलेख चौपट लहान होणार. पॉवरपॉइंट आलेखातल्या अक्षरांना साधारण १२ पॉइंटचे माप आपणहून देते. ते कागदावर झाले ३ पॉइंट. औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीपेक्षाही बारीक. मागच्या आडव्या जाळीच्या रेघा पाऊण पॉइंटच्या असतात. त्या पाव पॉइंटच्याही खाली गेल्या. शिवाय त्या रेघांचा मूळ रंग फिकट करडा, छपाईच्या हिशेबात सुमारे १५ टक्के काळा. छपाईत फिका करडा असा रंग नसतोच. काळ्या शाईचेच बारीक कण विरळ टाकून तो भासवायचा असतो. चांगल्या कागदावर इंचाला १५० ओळींची स्क्रीन धरली, तर कणांच्या दोन ओळींत जवळपास अर्ध्या पॉइंटचे अंतर असते. रेघ त्या अंतराच्या निम्म्याहूनही बारीक. मग ती रेघ राहतच नाही, इथे एक कण तिथे एक कण अशी विखुरते. पडद्यावर सौम्य आणि नीटनेटकी दिसणारी जाळी कागदावर धुळीसारखी दिसते, ती यामुळे.

यावर मला सापडलेला आणि आजवर न चुकलेला उपाय म्हणजे आलेख छापायच्या मापातच बनवायचा. पॉवरपॉइंटच्या ‘डिझाइन’मध्ये ‘स्लाइड साइझ’ आहे. तिथे कस्टम निवडून रकान्याची रुंदी टाकायची, सव्वातीन इंच तर सव्वातीन इंच. आलेख घालण्याआधीच हे करायचे, म्हणजे नंतर ताणाताण होत नाही. एवढ्या छोट्या स्लाइडवर बसले की माणूस आपोआप विचार करतो. बारा महिन्यांची पूर्ण नावे मावत नाहीत, मग ‘जाने, मार्च, मे’ एवढीच ठेवायची. नऊ आडव्या रेघा गर्दी करतात, मग चारच ठेवायच्या, पण अर्ध्या पॉइंटच्या आणि गडद. आलेखाच्या डोक्यावर मोठे शीर्षक नको, कारण खाली ओळ येणारच आहे. पडद्यावर जे दिसते तेच माप कागदावर येते, आणि आठ पॉइंट म्हटले की आठच पॉइंट मिळतात.

देवनागरीला आठ पॉइंट पुरत नाहीत. रोमन अक्षर ओळीत बसते. आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतो. त्याच मापात आपला मजकूर जास्त गोष्टी सांभाळत असतो. मी आलेखात नऊच्या खाली जात नाही. विहिरींच्या त्या आलेखावर डावीकडे लिहिले होते, ‘विहिरींची सरासरी पातळी’. पहिल्या प्रूफमध्ये अनुस्वार उडाला आणि ते ‘विहिरीची सरासरी पातळी’ झाले. अनेक विहिरींची एक झाली. वाचणाऱ्याला कसे कळावे की मोजणी गावभर झाली होती? शिवाय हे शब्द उभ्या अक्षावर आडवे पाडून लिहिलेले होते, मान वाकडी करून वाचावे लागणारे. आम्ही ते आलेखाच्या वर डाव्या कोपऱ्यात सरळ लिहिले. तेव्हापासून माझ्या कुठल्याच आलेखात मराठी मजकूर उभा नसतो.

फाँटचेही तसेच. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला. देवनागरी संगणकाच्या पडद्यावर नीट वाचता यावी यासाठी त्या फाँटने केलेले काम फार मोठे आहे. पण छापील आलेखात लहान मापावर मला जरा जाड वजनाची अक्षरे लागतात. मुंबईच्या एक टाइप या गटाचा ‘मुक्त’ हा विनामूल्य फाँट अनेक वजनांत मिळतो आणि लहान मापातही उघडा राहतो, म्हणून मी तो वापरते. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेले आलेख अजूनही येतात. माझ्या संगणकावर तो फाँट नसला की महिन्यांच्या जागी रोमन चिन्हांची रांग दिसते. मजकूर तरी संदर्भाने ओळखता येतो. आलेखावरच्या एकेका सुट्या शब्दाला संदर्भच नसतो. अशा वेळी मी अंदाज करत बसत नाही. संस्थेला फोन लावते आणि एकेक शब्द विचारून पुन्हा टाइप करते.

रंगाच्या बाबतीत पडदा आणि कागद यांचा पायाच वेगळा. पडदा लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो, आणि पॉवरपॉइंट त्याच हिशेबाने चालते. छपाई सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक या चार शायांनी होते. पडद्यावरचा झगझगीत निळा किंवा पोपटी या चार शायांतून निघतच नाही, तो मंदच उतरतो. त्याचे मला फारसे वाटत नाही. आलेख झगझगीत नसला तरी चालते. खरी अडचण काळ्याची. पडद्यावरचा काळा चार रंगांत बदलताना सर्वसाधारण प्रोफाइलमध्ये सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७ आणि ब्लॅक ९० टक्के असा चारही शायांचा होतो. मोठ्या काळ्या पट्ट्याला तो भारदस्त दिसतो. नऊ पॉइंटच्या अक्षराला मात्र चारही प्लेटा केसभरही न सरकता एकावर एक बसाव्या लागतात. जरा रजिस्ट्रेशन हलले की अक्षराच्या एका बाजूला गुलाबी, दुसऱ्या बाजूला निळसर कड दिसते. म्हणून आलेखातली सगळी अक्षरे आणि अक्ष प्रेसला देण्याआधी सिंगल ब्लॅकमध्ये आणायचे, फक्त काळी शाई, १०० टक्के. हे कोरल ड्रॉमध्ये काही मिनिटांचे काम आहे. आलेखातल्या अक्षरांना आपणहून येणारा करडा रंगही मी काळा करते, कारण करडा म्हणजे पुन्हा कण, आणि कणांनी बनलेल्या अक्षरातून पहिला बळी अनुस्वाराचा जातो.

इतके करून तो आलेख चार रंगांत उत्तम आला. पण संस्थेच्या कार्यकर्त्या ताई म्हणाल्या, ‘‘गावात तुमचा रंगीत अहवाल एकच पोचतो. बाकी सगळे झेरॉक्स.’’ ग्रामसभेत वाटायला, शाळेच्या फलकावर लावायला, पंचायतीत ठेवायला त्या एकाच पानाच्या काळ्यापांढऱ्या प्रती निघतात. आम्ही तिथल्या तिथे झेरॉक्स काढून पाहिली. आधीची रेघ लाल होती, नंतरची निळी. झेरॉक्समध्ये कुठली कुठली ते कळेना.

याचेही गणित आहे. रंगाचा करडा करताना लाल, हिरवा आणि निळा यांना अनुक्रमे ०.२९९, ०.५८७ आणि ०.११४ असे वजन देण्याचे एक रूढ सूत्र आहे. पॉवरपॉइंटच्या ठरावीक रंगांतला लाल त्या हिशेबाने २५५ पैकी ७६ वर येतो आणि निळा ८८ वर. डोळ्याला विरुद्ध टोकाचे वाटणारे हे दोन रंग काळ्यापांढऱ्यात शेजारी शेजारी येऊन बसतात. लाल-हिरवा भेद ज्यांच्या डोळ्यांना कळत नाही अशा वाचकांची अडचण याच जातीची, आणि असे वाचक प्रत्येक गावात असतात. तेव्हा रंगाच्या भरवशावर अर्थ सोडायचा नाही. आम्ही आधीच्या वर्षाची रेघ तुटक केली, नंतरच्या वर्षाची सलग आणि जाड. कोपऱ्यातली रंगांची सूची काढून टाकली आणि प्रत्येक रेघेच्या शेवटी तिचे नाव लिहिले, ‘बांधांआधी’ आणि ‘बांधांनंतर’. अक्ष उलटा ठेवला, शून्य वर आणि खोली खाली, कारण विहिरीत पाणी खालीच जाते आणि गावातल्या माणसाच्या मनात ते चित्र तसेच असते. मे महिन्यातल्या दोन बिंदूंवर त्यांचे आकडे लिहिले. बाकी कुठे आकडे नाहीत. आता झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी तो आलेख बोलत होता.

पॉवरपॉइंटची पहिली आवृत्ती १९८७ साली मॅकिंटॉशसाठी आली ती ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका बनवण्यासाठी. खोलीतल्या शेवटच्या माणसाला भिंतीवर दिसावे हा त्याचा जन्मापासूनचा उद्देश, आणि तो उद्देश ते आजही चोख पार पाडते. भिंतीवरचा आलेख लांबून, क्षणभर, कुणीतरी समजावून सांगत असताना पाहिला जातो. कागदावरचा आलेख हातभर अंतरावरून, एकट्याने, हवा तेवढा वेळ वाचला जातो आणि समजावून सांगायला तिथे कुणी नसते. भिंतीसाठी केलेला आलेख जसाच्या तसा कागदावर न्यायचा म्हणजे त्या एकट्या वाचकाचा विचारच न करणे.

आलेख आणि छपाई यांचे नाते खूप जुने आहे. विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये व्यापाराच्या आकड्यांचे रेघांचे आणि खांबांचे आलेख प्रसिद्ध केले तेव्हा ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले होते आणि रंग हाताने भरले होते. कोरणाऱ्याला प्रत्येक रेघेसाठी हात चालवावा लागत असे, त्यामुळे नको ती रेघ आलेखात येत नसे. एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ मध्ये आकड्यांच्या दृश्य मांडणीवरचे आपले पुस्तक छपाई मनासारखी व्हावी म्हणून घर गहाण ठेवून स्वतः प्रकाशित केले. रेघ नीट उमटावी यासाठी माणसे केवढी किंमत मोजतात! आपल्याला तेवढे करावे लागत नाही. स्लाइडचे माप बदलणे, दोन खुणा करणे, चार रेघा गडद करणे, एवढेच आपल्या वाट्याला आले आहे.

या कामात मला कळलेली मुख्य गोष्ट अशी की छपाईचा दर्जा प्रेसमध्ये ठरत नाही, तो आलेख बनवणाऱ्याच्या टेबलावर ठरतो. प्रेस जे दिले ते उत्तम छापू शकते; जे दिलेच नाही ते छापू शकत नाही. आलेख बनवणारी व्यक्ती बहुधा संस्थेतली तरुण कार्यकर्ती असते, सादरीकरणाच्या आदल्या रात्री जागून तिने तो केलेला असतो. तिला छपाईचे कुणी शिकवलेले नसते. म्हणून हल्ली मी काम हातात घेतानाच तिच्याशी बोलते. पान केवढे, रकाना किती इंचांचा, कागद आर्ट पेपर की साधा मॅपलिथो, रंगीत की एकरंगी, हे आधी सांगते. साध्या कागदावर शाई पसरते आणि करड्या छटा गडद होतात, तेव्हा दोन छटांत भरपूर अंतर ठेव, एवढे आधी सांगितले की नंतरचे निम्मे खेटे वाचतात. पूर्वी हे बोलणे अहवालाच्या शेवटी, घाईत आणि चिडचिडीत व्हायचे. आता ते सुरुवातीला होते.

विहिरीत टेप सोडणाऱ्या मुलांनी उन्हातान्हात जाऊन आकडे आणलेले असतात. आरोग्यसेविका घरोघरी जाऊन वजने घेते, शिक्षक वर्षभर हजेरी मांडतो, बचत गटाची अध्यक्ष पै-पैचा हिशेब ठेवते. आलेख हे या सगळ्यांच्या मेहनतीचे शेवटचे रूप असते, आणि ते वाचता आले नाही तर ती मेहनत पोचली नाही असाच त्याचा अर्थ होतो. म्हणून अहवाल तयार करणाऱ्या प्रत्येकाला माझे एवढेच सांगणे आहे: आलेख प्रेसला पाठवण्याआधी तो छापायच्या मापात साध्या प्रिंटरवर एकदा काळ्यापांढऱ्यात काढा आणि ज्यांच्यासाठी अहवाल आहे त्यांच्यापैकी एकाच्या हातात द्या. काहीही न सांगता त्यांना तो वाचता आला, तरच पुढे पाठवा.